टू-स्टेपची जबरदस्ती अन् टाकीजवळची रेंज

घाटंजी तालुक्यातल्या एका झेडपी शाळेवरच्या सरांचा प्रश्न आला आहे. त्यांचं स्वतःचं जुनं मेल अकाउंट आहे, घरचं, शाळेचं नाही. त्यात एक दिवस कंपनीनं आपल्या मनानंच टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करून टाकलं. आता शाळेतल्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की मोबाईलवर ओटीपी पाठवते. शाळेत फायबरचं नेट आहे, चांगलं चालते, पण मोबाईलला रेंज नाही, रेंज आहे गावाबाहेर पाण्याच्या टाकीजवळ, म्हणजे सर टाकीपर्यंत जातात, कोड हातावर लिहून परत येतात, तोवर तो कोड बाद झालेला असतो. त्यांचं म्हणणं असं की अकाउंट माझं, पासवर्ड माझा, गेलं तर नुकसान माझं, मग ही जबरदस्ती काहून? बंद करता येते काय? अन् या कंपन्यांना आपला नंबर द्यायचाच कायले?

मी तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स अन् मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळं ही रड माझ्या काउंटरवर रोजचीच आहे. सर, आधी कामाचं सांगतो, भांडणाचं मागून.

तुम्हाला शाळेत एसएमएस यायची गरजच नाही. टू-स्टेप म्हणजे एसएमएसचा ओटीपी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे, कारण बँकेपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळ्यांनी आपल्याला तेवढंच दाखवलं, पण एसएमएस हा दुसऱ्या स्टेपचा फक्त एक प्रकार झाला, अन् आपल्या भागासाठी म्हणाल तर सगळ्यात भिकार प्रकार. तुम्ही ऑथेंटिकेटर ॲप टाका. गूगलचं आहे, मायक्रोसॉफ्टचं आहे, फुकट आहे. अकाउंटच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी, त्यात टू-स्टेप, त्यात ऑथेंटिकेटर असं गेलं की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक क्यूआर येतो, तो मोबाईलमधल्या ॲपनं स्कॅन करायचा, झालं. तेव्हापासून ॲपमध्ये सहा आकड्यांचा कोड दिसत राहतो अन् दर ३० सेकंदांनी बदलतो. रेंज नसो, सिम नसो, मोबाईल फ्लाइट मोडवर असो, कोड दिसतोच.

लोकांना वाटते हा कोड नेटवरून येतो. नाही येत. त्या क्यूआरमध्ये एक लांबलचक गुप्त चावी असते, ती तुमच्या मोबाईलमध्ये बसते अन् तीच कंपनीच्या सर्व्हरवर पण असते, मग दोन्हीकडे ती चावी अन् आत्ताची वेळ घेऊन एकच गणित होते आणि उत्तर सारखंच निघते. कुठून कुठं काही पाठवावंच लागत नाही. ही पद्धत २०११ मध्ये स्टँडर्ड म्हणून छापली गेली, कोणालाही वापरता येते, म्हणूनच एका कंपनीचं ॲप दुसऱ्या कंपनीच्या अकाउंटला चालते.

आता गणितात वेळ आली म्हणजे मोबाईलचं घड्याळ बरोबर पाहिजे, अन् इथं आपल्या गावांतली खरी मेख आहे. रेंज नसलेल्या ठिकाणी मोबाईलला टॉवरकडून टाइम मिळत नाही, लाईन नाही म्हणून बॅटरी पूर्ण उतरून फोन दोन दिवस तसाच पडला की काही हँडसेट मागं पडतात, काही तर थेट जुन्या तारखेवर जाऊन बसतात. मग कोड बरोबर टाकला तरी चुकीचा आहे म्हणते, अन् माणूस ॲप काढून टाकतो. ॲपचा काही दोष नसतो. डेट अँड टाइम ऑटोमॅटिकवर ठेवा, शाळेच्या वायफायला फोन जोडला की बहुतेक फोनमध्ये घड्याळ आपोआप ठिकाणावर येते. माझ्याकडं ‘कोड घेत नाही’ म्हणून जो येतो त्याचं मी पहिले घड्याळच पाहतो, बाकीचं नंतर.

ही सेटिंग मात्र रेंज असलेल्या जागी बसून करा, कारण पहिल्यांदा ती एकदा एसएमएस मागणारच.

मग प्रश्न येतो, मोबाईल गेला तर? विहिरीत पडला, पंक्चर झालेल्या मोटरसायकलच्या डिक्कीतून गेला, आठवडी बाजारात मारला, असं होतच राहते. पूर्वी गूगलच्या ऑथेंटिकेटरमधली चावी मोबाईलसोबतच जायची, एप्रिल २०२३ पासून त्यात ती अकाउंटला सिंक करून ठेवायची सोय आली. सोय चांगली आहे, पण ज्या अकाउंटची चावी त्याच अकाउंटमध्ये ठेवणं म्हणजे घराची चावी घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणं. म्हणून बॅकअप कोड. त्याच टू-स्टेपच्या पानावर खाली असतात, गूगल १० कोड देते, प्रत्येक ८ आकड्यांचा, एक कोड एकदाच चालतो, नवीन संच काढला की जुना संच बाद. हे कागदावर प्रिंट काढून ठेवायचे. लोक काय करतात, त्या कोडचा स्क्रीनशॉट मारतात अन् तो त्याच मोबाईलच्या गॅलरीत ठेवतात, मोबाईलसोबत तोही जातो. किंवा प्रिंट काढून मला म्हणतात भाऊ लॅमिनेशन करून द्या. लॅमिनेशन नका करू, वापरलेला कोड पेनानं खोडावा लागतो, लॅमिनेशनवर पेन चालत नाही, मग कोणता वापरला कोणता नाही हे कोणाला आठवत नाही. साधा कागद, रेशन कार्ड अन् सातबारा ज्या पिशवीत असतो त्या पिशवीत. फक्त त्या कागदावर मेल आयडी अन् पासवर्ड लिहू नका. हे सांगावं लागते, कारण एटीएमच्या पाकिटावर पिन लिहिलेली कार्डं मी जेवढी पाहिली तेवढी कोणी पाहिली नसतील.

शाळेचा कॉम्प्युटर जर फक्त तुम्हीच वापरत असाल तर लॉगिन करताना ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ अशी टिक असते, ती मारली की रोजची कटकट जवळपास संपते. पोट्टे बसत असतील, दुसरे मास्तर बसत असतील, तर ती टिक चुकूनही नको. माझ्या दुकानात तर नकोच नको. दुकानात काम झालं की लॉगआउट करूनच उठायचं, मी मागं लागतो तरी लोक तसेच उठून जातात अन् पुढच्या माणसाला आधीच्याचा मेल उघडा मिळतो.

आणखी एक, एसएमएसशिवाय ज्यांचं चालतच नाही अशा कामांसाठी, म्हणजे सरकारी पोर्टल वगैरे, शाळेच्या वायफायवर मोबाईलमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून पाहा. तुमच्या सिमकंपनीत अन् हँडसेटमध्ये दोन्हीकडं सोय असेल तर कॉल तर लागतोच, बऱ्याचदा एसएमएस पण त्याच वाटेनं येतो. आपल्याकडं कितीतरी लोकांच्या फोनमध्ये हे बटण आहे अन् त्यांनी ते कधी उघडलंच नाही.

ओटीपी उशिरा का येतो तेही ऐकून घ्या, कारण त्यात आपण स्वतःच गोंधळ वाढवतो. कंपनीकडून मेसेज निघतो, मधल्या मेसेज पाठवणाऱ्या एजन्सीकडं जातो, मग सिमकंपनीकडं जातो, तिथं तो नोंदवलेल्या नमुन्याशी जुळतो का हे तपासलं जाते. ही तपासणी मार्च २०२१ मध्ये पक्की लागू केली तेव्हा देशभरात ओटीपी अडकले होते, ट्रायला, म्हणजे सिमकंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, ती सात दिवस थांबवावी लागली. एवढं पार करून मेसेज टॉवरवर येतो अन् तिथं तुमचा मोबाईलच रेंजमध्ये नसतो. मग तो मागं थांबतो, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न होतो, अन् दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जाते. इकडं माणूस ‘रीसेंड’ दाबत सुटतो. प्रत्येक रीसेंडला बहुतेक ठिकाणी नवीन कोड निघतो अन् जुना मरतो. टाकीजवळ पोचल्यावर चार मेसेज एकदम पडतात, तेही मागंपुढं, माणूस सगळ्यात वरचा टाकतो अन् तो नेमका मेलेला असतो. वरातीमागून घोडं. असं काही वेळा चुकला की बऱ्याच ठिकाणी अकाउंट थोड्या वेळासाठी लॉक. रीसेंड एकदाच दाबा, अन् रेंजमध्ये उभं राहून दाबा. बटणाच्या फोनवाल्यांसाठी वेगळंच आहे, त्यांचा इनबॉक्स फुल असतो, लॉटरी अन् लोनचे मेसेज भरभरून, नवीन मेसेजला जागाच नसते. आजोबा म्हणतात ओटीपी आला नाही, मी डब्बा हातात घेऊन पन्नास मेसेज डिलीट करतो अन् टुंग टुंग टुंग चालू होते.

आता भांडणाचं.

तुम्ही म्हणता दोन पायऱ्या लादल्या. सर, दोन पायऱ्या आपण कधीच्या वापरतो अन् कोणी कुरकुर करत नाही. एटीएमला कार्ड लागते अन् पिन लागते. यूपीआय घ्या, चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायला, सगळीकडं यूपीआय, अन् तेही टू-स्टेपच आहे. पहिल्यांदा ॲप चालू करताना तुमच्या सिमवरून एक मेसेज जातो अन् तो मोबाईल तुमच्या नंबरला बांधला जातो, ही एक पायरी, अन् पैसे देताना पिन टाकता ही दुसरी. वावराच्या धुऱ्यावर एक काडी नेट असलं तरी पैसे जातात. इंटरनेटवर कार्ड वापरताना रिझर्व्ह बँकेनं दुसरी पायरी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, जगात बऱ्याच देशांत तेव्हा नुसता कार्ड नंबर टाकून खरेदी व्हायची. म्हणजे सक्तीचाच राग असता तर आपण यूपीआयलाही शिव्या दिल्या असत्या. राग येतो तो दर वेळी, न येणाऱ्या एसएमएसवर काम अडकवलं म्हणून. अन् आता तर रिझर्व्ह बँकेचेच सप्टेंबर २०२५ चे नवे नियम आहेत, १ एप्रिल २०२६ पासूनचे, त्यात दोन घटक पाहिजेतच पण दुसरा घटक एसएमएसच असावा असं बंधन नाही.

‘नुकसान माझं’ हे मात्र मला पटत नाही. तुमचं मेल गेलं की त्यावर ज्याचा ज्याचा पासवर्ड रीसेट होतो ते सगळं जाते, ते तुमचं, ठीक. पण आपल्याकडं व्हॉट्सॲप गेल्यावर काय होते ते गावोगावी पाहिलं आहे, चोर त्याच नावानं, त्याच फोटोनं साळ्याला, साडूला, बचत गटाच्या बायांना मेसेज करतो की दवाखान्यात आहे, पाच हजार टाका. पैसे जातात ते दुसऱ्याचे. कंपन्या सक्ती करतात त्याचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांच्याकडचे आकडे. गूगलनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांबरोबर केलेला अभ्यास छापला होता, त्यात रिकव्हरी फोनवर, म्हणजे अकाउंट परत मिळवायला दिलेल्या नंबरवर, पाठवलेल्या एसएमएस कोडनं आपोआप चालणारे बॉटचे हल्ले १०० टक्के, घाऊक फिशिंग, म्हणजे खोट्या मेल-साइटवरून पासवर्ड काढून घेणं, ९६ टक्के अन् एखाद्याला नेमून केलेले हल्ले ७६ टक्के अडले, फोनवर ‘हो, मीच आहे’ असं दाबायची सूचना पाठवली तर तेच १००, ९९ अन् ९०. मग २०२१ मध्ये त्यांनी १५ कोटींपेक्षा जास्त लोकांचं टू-स्टेप आपणच चालू केलं अन् २०२२ च्या फेब्रुवारीत सांगितलं की या लोकांची अकाउंटं हॅक होणं निम्म्यानं कमी झालं. गिटहब या प्रोग्रामिंगचा कोड ठेवायच्या साइटनं कोड लिहिणाऱ्यांना २०२३ मध्ये सक्ती केली, यूट्यूबनं पैसे कमावणाऱ्या चॅनलवाल्यांना २०२१ च्या नोव्हेंबरपासून.

पण त्याच २०१९ च्या लिखाणात आणखी एक आकडा आहे तो कोणी सांगत नाही. एका प्रयोगात कोड मागितला तेव्हा ३८ टक्के लोकांजवळ त्यांचा फोनच नव्हता. अन् ३४ टक्के लोकांना आपला दुसरा मेल कोणता हेच आठवलं नाही. म्हणजे कंपनीला माहीत होतं की खरा मालकच मोठ्या संख्येनं दाराबाहेर राहतो. हे माहीत असून सक्ती करताना ‘आधी हे दहा कोड प्रिंट करा, मगच पुढं जा’ एवढं एक पान मधे टाकायला काय जात होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी ती इथं होते. तुमचा राग त्या जागेवर ठेवा, तिथं तो शंभर टक्के बरोबर आहे.

कारण हे सगळं बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक माणूस, एक फोन, एक नंबर, असं चित्र आहे. आपल्याकडं फोन घराचा असतो. दुकानातलं रोजचं चित्र सांगतो. पोरगी कॉलेजच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायला बसली आहे, शेवटची तारीख, नंबर बाबाचा दिला आहे, बाबा वावरात. मी ओटीपी पाठवतो, ती फोन लावते.

“बाबा, मेसेज आला काय?”

“आला असन. मले काय समजते त्यातलं.”

“सहा आकडे आहेत पाहा, इंग्रजीत.”

“थांब, त्या सालदाराच्या पोट्ट्याले वाचाले लावतो.”

मग ते पोट्टं पहिले रिचार्ज संपल्याचा मेसेज वाचते, त्यातले आकडे सांगते, मग बँकेचा जुना, मग तिसऱ्या खेपेला बरोबर वाचते तोवर वेळ संपली. पुन्हा पाठवा. मागं रांगेत दहा जण उभे, बाहेर ऊन, अन् बाबा तिकडून म्हणतात की फोनची बॅटरी संपून राहिली.

यात फक्त वेळ जात असता तर मी सोडून दिलं असतं. पण यातून काय झालं, आपल्या अख्ख्या भागाला सवय लागली की फोन येतो, पलीकडचा माणूस म्हणतो मेसेजमधले आकडे सांगा, अन् आपण सांगायचे. फॉर्म भरणारा विचारतो, बँक मित्र विचारतो, योजनेच्या केवायसीला विचारतात, सिलिंडरवाला दारात विचारतो. दिवसभर ओटीपी सांगणारा माणूस संध्याकाळी ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्याला काहून नाही सांगणार? टीव्हीवर सांगतात ओटीपी कोणाला देऊ नका अन् प्रत्यक्षात दिल्याशिवाय एक काम होत नाही. मी दुकानात एवढं करतो की मेसेज पूर्ण वाचायला लावतो, आकड्यांच्या आधी कशासाठी आहे ते लिहिलेलं असते, पैसे कटायचं काही असलं तर रक्कम असते. अन् फोन तुम्ही लावला असेल तर सांगा, तुम्हाला आला असेल तर नाही, मग समोरचा कलेक्टर असो. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन, जितका लवकर तितके पैसे अडवता येतात.

यासाठी पण ऑथेंटिकेटर बरा पडतो, त्याच्या कोडसोबत मेसेज येत नाही, त्यामुळं तो फोनवर मागायची सवय अजून कोणाला लागलेली नाही. खोट्या वेबसाइटवर तुम्ही स्वतः टाकला तर मात्र तोही जातो, हे लक्षात असू द्या.

तुम्ही लिहिलं नाही, पण एक गोष्ट आजच तपासा. अकाउंटमध्ये रिकव्हरी नंबर कोणाचा आहे? आपल्याकडं बारावीच्या वेळी पोरांचे मेल आयडी फॉर्मच्या दुकानातच निघतात. काही दुकानांत घाई असते म्हणून नंबर दुकानाचाच टाकतात, पासवर्ड सगळ्यांचा एकाच नमुन्याचा, नाव, ॲट अन् एक दोन तीन. पोरगं पुण्याला नोकरीला लागते, तिथं एक दिवस टू-स्टेप चालू होते अन् कोड येतो इकडच्या दुकानात, जे दुकान कधीच बंद पडलं. अशी केस आली की मी पहिले विचारतो, हा मेल कुठं कुठं कधी उघडला होता? ज्या मोबाईलवर, ज्या वायफायवर, ज्या गावात तो नेहमी चालायचा तिथूनच रिकव्हरी करा, नागपूरला मित्राच्या लॅपटॉपवर करून पाहू म्हणाल तर आणखी संशय घेते. अन् दिवसात वीस वेळा करू नका, एकदा नीट भरा, थांबा.

सिमचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले अन् आपल्याकडं घरोघरी दुसरं सिम मरू दिलं गेलं. मरू द्या, पण त्या नंबरवर काय काय बांधलेलं आहे ते आधी सोडवा. नंबर बंद झाला की कमीत कमी ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात, अन् मग तुमचा ओटीपी गडचिरोलीतल्या नाहीतर बिहारमधल्या कोणाच्या तरी खिशात वाजतो. नुसता ओटीपीसाठी नंबर जिवंत ठेवायचा असेल तर २०२५ पासून नेट नसलेले, फक्त कॉल अन् एसएमएसचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना भाग पडलं आहे, ते विचारा, दुकानदार आपणहून सांगत नाही. सिम स्वतःच्या नावावर पाहिजे. जत्रेत छत्रीखाली घेतलेलं, मेव्हण्याच्या आधारवर काढलेलं सिम हरवलं तर डुप्लिकेट काढायला मेव्हणाच लागतो, अन् तो सुरतला असतो. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. अन् डुप्लिकेट सिम शेवटच्या तारखेला काढू नका, नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात. दुसऱ्याच्या नावानं डुप्लिकेट सिम काढून खाती साफ करणाऱ्यांमुळं तो नियम आला. पण शेतकरी माझ्यासमोर नवं सिम टाकून फोनकडं पाहत बसतो अन् पोर्टल पाच वाजता बंद होणार असते.

बंद करता येते काय, याचं उत्तर: काही ठिकाणी हो. गूगलच्या साध्या वैयक्तिक अकाउंटमध्ये आपोआप चालू झालेलं टू-स्टेप बहुतेकांना सेटिंगमधून बंद करता येते. ॲपलच्या नव्या अकाउंटमध्ये ते एकदा लागलं अन् दोन आठवडे उलटले की काढता येत नाही. माझं मत विचाराल तर मेल अन् व्हॉट्सॲप या दोन ठिकाणी राहू द्या, रेल्वे तिकीट नाहीतर रेसिपीच्या साइटनं मागितलं तर टाळता येते तोवर टाळा. व्हॉट्सॲपचं तर सोपं आहे, सहा आकडी पिन तुम्हीच ठरवायची, रेंजचा संबंध नाही, फक्त सोबत मेल आयडी नक्की टाका. पिन विसरलात अन् मेल दिलेला नसला तर सात दिवस बसून राहावं लागते.

नंबर कायले द्यायचा, ही शंका काही येडेपणाची नाही. ट्विटरनं सिक्युरिटीसाठी म्हणून घेतलेले लोकांचे नंबर अन् मेल जाहिरातीसाठी वापरले, त्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं एसएमएसचं टू-स्टेप फक्त पैसे भरणाऱ्यांना ठेवलं, बाकीच्यांना सांगितलं ॲप वापरा नाहीतर सोडा. म्हणून मी म्हणतो, ऑथेंटिकेटर बसला की टू-स्टेपमधून नंबर काढून टाकला तरी चालते. रिकव्हरीसाठी ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या जागी असतो तर ठेवला असता.

पासकी म्हणून नवीन आलं आहे, २०२३ पासून गूगलमध्ये आहे, मोबाईलचं बोट किंवा पॅटर्न दाखवलं की लॉगिन. खोट्या साइटवर ते चालतच नाही, हा मोठा फायदा, कोड टाकायची भानगड नाही. पण घरातल्या प्रत्येक पोट्ट्याला तुमचा पॅटर्न माहीत असेल, अन् असतोच, तर पासकी त्या सगळ्यांची झाली. आधी पॅटर्न बदला.

रविवारी तालुक्याला आलात तर दुकानात या, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन्ही सिम अन् मोबाईल चार्ज करून आणा. पहिले रिकव्हरी नंबर पाहू, मग ऑथेंटिकेटर लावू, मग कोडचा प्रिंट, अन् एसएमएस सगळ्यात शेवटी काढू, तोही दुसऱ्या ब्राउझरमध्ये एकदा ॲपच्या कोडनं लॉगिन होऊन दिसल्यावर. लोक उलटं करतात, आधी नंबर काढतात अन् मग ॲप लावायला जातात. बाजाराच्या दिवशी तेवढे येऊ नका, त्या दिवशी काउंटरसमोर उभं राहायलाही जागा नसते.